@इंजेक्ट केलेलं बीन सापडत नाही किंवा नल येतं: ईएआर आणि वॉर मोड्यूलमधला दोष कसा शोधायचा

कोड बिनतक्रार कंपाइल होतो, आयडीईत एकही लाल रेघ नाही, आणि ईएआर (सगळी मोड्यूल एकत्र बांधलेली फाइल) सर्व्हरवर चढवली की बीन (कंटेनर, म्हणजे सर्व्हरचा सांभाळणारा भाग, स्वतः बनवून @इंजेक्टच्या जागी देतो तो ऑब्जेक्ट) सापडत नाही. अशा वेळी हात आपोआप कोडकडे जातो: कुठे @नेम्ड लावून बघ, कुठे @इंजेक्टच्या जागी @ईजेबी करून बघ. या दोषाचं मूळ मात्र बहुतेकदा पॅकेजिंगमध्ये असतं. क्लास कुठल्या आर्काइव्हमध्ये (जार, वॉर अशा बांधलेल्या फाइलमध्ये) गेला, ते आर्काइव्ह कंटेनरने बीनसाठी चाळलं का, आणि तो क्लास कुठल्या क्लासलोडरने (क्लास मेमरीत आणणाऱ्या भागाने) उचलला, या प्रश्नांची उत्तरं तयार झालेल्या ईएआरमध्ये मिळतात, सोर्समध्ये नाही.

पुढे सगळीकडे एकच रचना धरली आहे: ऑर्डर.ईएआर, तिच्यात ऑर्डर-वेब.वॉर (वेब भाग), ऑर्डर-सेवा.जार हे ईजेबी (सर्व्हरने सांभाळलेल्या सेवा-क्लासचं) मोड्यूल आणि लिब/ऑर्डर-सामाईक.जार. सीडीआय म्हणजे @इंजेक्टमागचा नियमसंच, आणि वेल्ड ही त्याची एक अंमलबजावणी. एरर क्रमांक वेल्डचे आहेत. वाइल्डफ्लाय, पायारा, ग्लासफिश आणि ओपन लिबर्टी या सर्व्हरमध्ये सीडीआयचं काम वेल्ड करतं. टॉमईईत ओपनवेबबीन्स असतं, तिथे मजकूर वेगळा दिसेल, पण तपासण्याचा क्रम तोच राहील. नुसत्या टॉमकॅटमध्ये किंवा जेटीत सीडीआय नसतंच. तिथे वेल्ड वेगळं जोडलेलं नसेल तर @इंजेक्ट सगळीकडे नलच (रिकामं) राहणार. आधी ते जोडा.

लक्षणं

- डिप्लॉय होतानाच (सर्व्हरवर चढतानाच) वेल्ड-००१४०८ येतो: या प्रकाराचं बीन सापडलं नाही.
- डिप्लॉय होताना वेल्ड-००१४०९ येतो: एकाहून जास्त बीन सापडली, कुठलं घ्यायचं ते ठरत नाही.
- डिप्लॉय सुरळीत होतं, पण पहिल्याच वापराला नलपॉइंटर एक्सेप्शन.
- वॉर एकटी टाकली तर चालते, ईएआरमध्ये घातली की बंद.
- क्लासकास्ट एक्सेप्शन, आणि त्यात दोन्ही बाजूंना एकाच क्लासचं नाव.
- वेल्ड-००१३०३: स्कोप (बीन किती काळ जगतं ती मर्यादा) सक्रिय नाही. हा बहुधा बॅकग्राउंड थ्रेडमध्ये किंवा टायमरमध्ये येतो.
- सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला आणि कसलीही एरर न येता सगळी इंजेक्शन नल झाली.

१. लॉगमधलं मूळ कारण वाचा

फुकटची तपासणी, तरी हीच सर्वांत जास्त टाळली जाते. स्टॅकट्रेसमध्ये शेवटच्या "कॉज्ड बाय"पर्यंत खाली जा. वेल्डच्या संदेशात तीन गोष्टी असतात: हवा असलेला प्रकार, क्वालिफायर (एकाच प्रकारची बीन वेगळी ओळखण्याची खूण) आणि इंजेक्शनची जागा. क्वालिफायर @डीफॉल्ट दिसत असेल आणि तुमच्या बीनवर स्वतःचा @ऑनलाइन क्वालिफायर असेल, तर बीन आहे, पण तुम्ही ते मागितलेलंच नाही. इंजेक्शनच्या जागेवरून कुठलं मोड्यूल बीन शोधत होतं हेही कळतं, आणि त्याचा उपयोग पाचव्या तपासणीत होतो.

वाइल्डफ्लायमध्ये आणखी एक ओळ शोधा: डब्ल्यूएफएलवायवेल्ड०००३. ज्या मोड्यूलवर वेल्डने काम सुरू केलं त्याचं नाव त्या ओळीत येतं. तुमच्या मोड्यूलचं नाव तिथे नसेल तर वेल्ड तिकडे फिरकलंच नाही. मग थेट चौथ्या तपासणीवर जा.

२. स्वच्छ बिल्ड करा, मग फाइल उघडा

मेव्हन (बिल्ड करण्याचं साधन) क्लीन पॅकेज चालवा. आयडीईतून उघड्या फोल्डरच्या स्वरूपात डिप्लॉय करत असाल तर जुन्या आवृत्तीची जार लिबमध्ये तशीच पडून राहते, ऑर्डर-सामाईक-१.२ आणि १.३ शेजारीशेजारी सापडणं अगदी नेहमीचं. त्यातून वेल्ड-००१४०९ येतो आणि माणूस कोडमध्ये दुसरं बीन शोधत बसतो.

नंतर "जार टीएफ ऑर्डर.ईएआर" चालवून यादी पाहा. वॉर आणि ईजेबी जारसुद्धा बाहेर काढून त्यांचीही यादी घ्या. ही यादी एका फाइलमध्ये ठेवा. पुढे प्रत्येक पायरीला ती लागेल.

सर्व्हर जुनंच काहीतरी चालवतोय असा संशय असेल तर वाइल्डफ्लाय थांबवून स्टँडअलोन/टीएमपी रिकामं करायला हरकत नाही. स्टँडअलोन/डेटा/कंटेंटला मात्र हात लावू नका, डिप्लॉय केलेल्या मूळ फाइली तिथे ठेवलेल्या असतात.

३. इम्पोर्टच्या ओळी

एकाच नावाची अ‍ॅनोटेशन वेगवेगळ्या पॅकेजमध्ये आहेत आणि आयडीई ऑटो-इम्पोर्ट करताना हमखास चुकीचं निवडते. कंपाइलर यावर काही बोलत नाही. या जोड्या डोळ्यांखालून घाला:

@प्रोड्युसेस: एक सीडीआयचं, एक जॅक्स-आरएसचं (जावातल्या रेस्ट वेब सेवांचं). प्रोड्युसर मेथडवर (जी बीन बनवून परत देते) जॅक्स-आरएसचं लागलं तर सीडीआयला ती मेथड दिसतच नाही आणि ००१४०८ येतो.

@सिंगलटन: एक ईजेबीचं, एक जावाएक्स.इंजेक्टमधलं. ईजेबीचं लावलं की क्लास सेशन बीन होतो आणि सापडतो. इंजेक्टमधलं मात्र बीन ठरवणाऱ्या अ‍ॅनोटेशनमध्ये मोडत नाही. त्यामुळे "अ‍ॅनोटेटेड" मोडच्या (चौथी तपासणी पाहा) आर्काइव्हमध्ये नुसतं ते लावलेला क्लास बीन म्हणून धरलाच जात नाही. @अ‍ॅप्लिकेशनस्कोप्ड वापरा.

@रिक्वेस्टस्कोप्ड आणि @सेशनस्कोप्ड: सीडीआयचं हवं. जुन्या जेएसएफच्या (जावातल्या वेब पानांच्या चौकटीच्या) मॅनेज्ड बीन पॅकेजमधलं राहिलं असेल तर तो क्लास सीडीआयच्या दृष्टीने स्कोपशिवायचा.

इथेच जावाएक्स आणि जकार्ता यांची सरमिसळ तपासा. जकार्ता ईई ९ पासून, म्हणजे २०२० च्या शेवटापासून, जावाएक्स.इंजेक्टचं जकार्ता.इंजेक्ट झालं. वाइल्डफ्लाय २७, पायारा ६, टॉमकॅट १० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना जुनं पॅकेज ओळखू येत नाही. जुनी एपीआय जार वेब-इन्फ/लिबमध्ये राहिलेली असेल तर कोड कंपाइलही होतो, डिप्लॉयही होतो, आणि सर्व्हर त्या अ‍ॅनोटेशनकडे ढुंकूनही पाहत नाही. एरर न येता सगळं नल होण्यामागे सहसा हेच असतं. बदल करताना सोर्समध्ये सरसकट शोधा-आणि-बदला करू नका: जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.नेमिंग, जावाएक्स.क्रिप्टो ही पॅकेज जावा एसईची आहेत आणि जावाएक्सच राहतात. तुमचा सोर्स सुधारला तरी बाहेरच्या लायब्ररी जुन्या असू शकतात. त्यांच्या जकार्ता आवृत्त्या स्वतंत्र घ्याव्या लागतात.

पॉममध्ये (मेव्हनच्या सेटिंग फाइलमध्ये) जकार्ता ईई एपीआयचा मेव्हन स्कोप (बीनचा नव्हे) "प्रोव्हाइडेड" आहे ना, तेही पाहा. एपीआय सर्व्हर देतो. तिची दुसरी प्रत तुमच्या वॉरमध्ये असण्याचं काही कारण नाही.

४. बीन्स.एक्सएमएल: आहे का, कुठे आहे, काय म्हणते

जागा ठरलेली आहे. वॉरमध्ये वेब-इन्फ/बीन्स.एक्सएमएल. जारमध्ये, मग ती ईजेबीची असो की साधी, मेटा-इन्फ/बीन्स.एक्सएमएल. वॉरमधली फाइल ऑर्डर-सेवा.जारच्या कामाची नाही. प्रत्येक आर्काइव्हचा हिशोब वेगळा. मेव्हन प्रोजेक्टमध्ये फाइल एसआरसी/मेन/जावा/मेटा-इन्फमध्ये ठेवली तर ती जारमध्ये जातच नाही, ती एसआरसी/मेन/रिसोर्सेस/मेटा-इन्फमध्ये हवी. म्हणून सोर्समध्ये फाइल दिसते यावर समाधान मानू नका, मघाच्या यादीत शोधा.

मग तिच्यातला बीन-डिस्कव्हरी-मोड. "ऑल" म्हणजे सगळे क्लास चाळले जातात. "अ‍ॅनोटेटेड" म्हणजे ज्यांच्यावर स्कोप, स्टिरिओटाइप, @इंटरसेप्टर, @डिपेंडंट अशी बीन ठरवणारी अ‍ॅनोटेशन आहेत तेवढेच. "नन" म्हणजे काहीच नाही. फाइल मुळातच नसेल तर जावा ईई ७ पासून आर्काइव्ह "अ‍ॅनोटेटेड"सारखं वागतं. त्याआधी, ईई ६ मध्ये, फाइल नाही तर सीडीआयही नाही.

नव्या सर्व्हरवर जाणाऱ्यांनी पुढची गोष्ट जपून वाचावी. सीडीआय ४.० मध्ये, म्हणजे जकार्ता ईई १० मध्ये, रिकाम्या बीन्स.एक्सएमएलचा अर्थ बदलला. आधी रिकामी फाइल म्हणजे "ऑल" होतं, आता ती "अ‍ॅनोटेटेड" धरली जाते. वर्षानुवर्षं रिकाम्या फाइलवर चाललेल्या प्रोजेक्टमध्ये स्कोप न लावलेले डझनावारी क्लास असतात, आणि ते सगळे एका रात्रीत बीन राहत नाहीत. उपाय दोन: फाइलमध्ये मोड "ऑल" असं स्पष्ट लिहा, किंवा प्रत्येक क्लासला योग्य स्कोप द्या. पहिला उपाय पाच मिनिटांचा, दुसरा टिकाऊ. "ऑल"मध्ये मदतनीस क्लास, डीटीओ (नुसता डेटा वाहणारे क्लास) असं सगळंच बीन होतं आणि ००१४०९ ची शक्यता वाढते. त्यामुळे सर्व्हर चालू करण्यापुरता पहिला उपाय करा, पण दुसरा कामाच्या यादीत घाला.

जॅक्स-आरएसचे रिसोर्स क्लास याच जाळ्यात अडकतात. @पाथ हे बीन ठरवणारं अ‍ॅनोटेशन नाही. रिसोर्सवर @रिक्वेस्टस्कोप्ड लावा. जर्सी (जॅक्स-आरएसची एक अंमलबजावणी) असलेल्या सर्व्हरवर "सिस्टिम-इंजेक्टी-इम्प्ल" असा शब्द एररमध्ये दिसला, तर इंजेक्शनचं काम सीडीआयऐवजी जर्सीच्या आतल्या एचके२ ने हाती घेतलं आहे आणि त्याला तुमची बीन माहीत नाहीत. उपाय तोच: रिसोर्सला स्कोप द्या आणि आर्काइव्ह चाळलं जातंय याची खात्री करा.

५. कुठलं मोड्यूल कुणाला पाहू शकतं

ईएआरमधल्या दोषांचा सर्वांत मोठा वाटा इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

नियम एकाच दिशेचा आहे. ईएआरच्या लिबमधल्या जार सगळ्यांना दिसतात. ईजेबी जार सामान्यपणे वॉरला दिसते. वॉरमधलं काहीही इतर कुणालाही दिसत नाही. आणि लिबमधल्या जारला वरची मोड्यूल, म्हणजे ईजेबी जार आणि वॉर, दिसत नाहीत. बीन इंजेक्ट होण्यासाठी त्याचा क्लास मागणाऱ्या मोड्यूलला दिसावा लागतो. वेल्ड हाच नियम पाळतं.

नेहमीचा प्रसंग असा: बिलसर्व्हिस हा इंटरफेस ऑर्डर-सामाईक.जारमध्ये, त्याची अंमलबजावणी ऑर्डर-सेवा.जारमध्ये, आणि सामाईक जारमधल्याच एखाद्या क्लासने @इंजेक्ट बिलसर्व्हिस लिहिलेलं. इंटरफेस दिसतो म्हणून कंपाइल होतं. अंमलबजावणी वरच्या मोड्यूलमध्ये आहे म्हणून ००१४०८ येतो. इथे अनेकजण @इंजेक्टच्या जागी इन्स्टन्स (बीन चालताना मागण्याची सोय) वापरतात. त्याने दोष सुटत नाही, कारण शोध त्याच मोड्यूलमधून होतो. फक्त डिप्लॉयच्या वेळी दिसणारी चूक आता रनटाइमला दिसते, वेल्ड-००१३३४ या क्रमांकाने. खरा उपाय म्हणजे मागणारा क्लास वर हलवणं किंवा अंमलबजावणी खाली आणणं.

ईजेबी जार वॉरला दिसणं हेही सर्व्हरच्या सेटिंगवर असतं. वाइल्डफ्लायमध्ये ईएआर-सबडिप्लॉयमेंट्स-आयसोलेटेड हा पर्याय मुळात "फॉल्स" असतो. कुणी तो "ट्रू" केला असेल तर वॉरला ईजेबी जार दिसणं बंद होतं. कुठल्याही सर्व्हरवर चालावं असं हवं असेल तर वॉरच्या मॅनिफेस्टमधल्या क्लास-पाथमध्ये ऑर्डर-सेवा.जारचं नाव लिहा.

आता दुहेरी प्रत. ऑर्डर-सामाईक.जार ईएआरच्या लिबमध्येही आहे आणि ऑर्डर-वेब.वॉरच्या वेब-इन्फ/लिबमध्येही. वॉरचा पॉम साधा ठेवला की मेव्हन ती तिथे घालतोच. एकच क्लास दोन क्लासलोडरने उचलला, की जेव्हीएमच्या दृष्टीने ते दोन वेगळे क्लास होतात. त्यातून कधी ००१४०९, कधी ००१४०८, तर कधी स्वतःचाच स्वतःत कास्ट होत नाही असं सांगणारं क्लासकास्ट एक्सेप्शन. तीन वेगळी लक्षणं, कारण एकच. वॉर एकटी चालते आणि ईएआरमध्ये बंद पडते, तेव्हा पहिला संशय यावरच घ्या.

उपाय: वॉरच्या पॉममध्ये सामाईक जारचा स्कोप "प्रोव्हाइडेड" करा, किंवा मेव्हनच्या ईएआर प्लगइनमध्ये स्किनीवॉर्स "ट्रू" करा. दुसऱ्या उपायात वॉरमधल्या जार सरसकट लिबमध्ये जातात, म्हणून आधी पाहा: वेब-फ्रॅगमेंट (लायब्ररीसोबत येणारी वेब सेटिंग) असलेल्या लायब्ररी वेब-इन्फ/लिबमध्येच हव्यात, ईएआरच्या लिबमध्ये सर्व्हर त्यांचे फ्रॅगमेंट वाचत नाही.

६. ईजेबीचा व्ह्यू

@स्टेटलेस लावलंय, जार बरोबर आहे, तरीही ००१४०८. क्लास एखादा इंटरफेस इम्प्लिमेंट करत असेल तर तो इंटरफेसच त्याचा लोकल व्ह्यू (इतरांना तो ज्या रूपात दिसतो ते) ठरतो आणि क्लासच्या नावाने @इंजेक्ट केलेलं सापडत नाही. इंटरफेस मागा, किंवा क्लासवर @लोकलबीनही लावा. इंटरफेसवर @रिमोट असेल तर तो सीडीआयच्या बीन प्रकारांत येतच नाही. तिथे @ईजेबी वापरा, आणि इतरत्र @इंजेक्टच हवं असेल तर ते फील्ड @प्रोड्युसेसने पुढे द्या.

७. क्वालिफायर आणि प्रॉक्सी

स्वतः लिहिलेल्या क्वालिफायरवर @रिटेन्शन रनटाइम नसेल तर कंपाइल झाल्यावर तो क्लास फाइलमध्ये राहतो, पण चालू प्रोग्रॅमला दिसत नाही. दोन अंमलबजावण्यांना वेगवेगळे क्वालिफायर लावूनही ००१४०९ येतो, तो यामुळे. जावापी -व्ही चालवून "रनटाइम-व्हिजिबल-अ‍ॅनोटेशन्स" या भागात तो दिसतोय का पाहा.

प्रोड्युसर मेथड जो क्लास परत देते, तो क्लास स्वतःही बीन म्हणून सापडत असेल तर दोन दावेदार होतात. क्लासवर @व्हीटोड लावा म्हणजे एकटा प्रोड्युसर उरतो.

वेल्ड-००१४३५ म्हणजे नॉर्मल स्कोपच्या (@रिक्वेस्टस्कोप्ड वगैरे) बीनला बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर नाही. तो घाला, पण प्रायव्हेट ठेवू नका. वेल्ड-००१४३७ म्हणजे क्लास किंवा त्यातली मेथड फायनल आहे. अशा बीनसाठी वेल्ड सबक्लासच्या रूपात प्रॉक्सी (बीनच्या जागी उभा राहणारा मध्यस्थ ऑब्जेक्ट) बनवतं, म्हणून ही अट.

८. कंटेनरच्या हाताबाहेर तयार झालेले ऑब्जेक्ट

डिप्लॉय सुरळीत आणि वापरताना नल, असं असेल तर ऑब्जेक्ट कुणी बनवला ते शोधा. कुठेतरी "न्यू बिलसर्व्हिस" लिहिलेलं असेल तर त्याच्या आतलं एकही @इंजेक्ट भरलं जाणार नाही. जेसनमधून जॅक्सनने बनवलेले ऑब्जेक्ट, जेपीए एंटिटी (डेटाबेसमधल्या नोंदींचे ऑब्जेक्ट), क्वार्ट्झसारख्या शेड्युलरने स्वतः बनवलेले जॉब यांचंही तेच. स्टॅटिक फील्ड कधीच भरलं जात नाही. जेएसएफ कन्व्हर्टरमध्ये हवं असेल तर जेएसएफ २.३ पासून @फेसेसकन्व्हर्टरला मॅनेज्ड "ट्रू" द्यावं लागतं. फील्डमध्ये इंजेक्ट केलेलं बीन कन्स्ट्रक्टरमध्ये वापरलं तरी नलच येतं, कारण फील्ड त्यानंतर भरली जातात. ते काम @पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये हलवा.

@ट्रान्झॅक्शनल लागू होत नाही हीही याच कुळातली तक्रार. त्याच क्लासमधून धिस वापरून बोलावलेली मेथड प्रॉक्सीतून जात नाही, म्हणून इंटरसेप्टर (मेथडच्या आधी-नंतर चालणारा कोड) चालत नाही. स्वतः लिहिलेला इंटरसेप्टर एका मोड्यूलमध्ये चालतो आणि दुसऱ्यात नाही, तर तो बीन्स.एक्सएमएलमधून चालू केलेला असणार, जे त्या एका आर्काइव्हपुरतंच असतं. @प्रायॉरिटी लावा, मग तो सगळ्या अ‍ॅप्लिकेशनला लागू होतो.

वेल्ड-००१३०३ साठी: रिक्वेस्ट स्कोप त्या रिक्वेस्टच्या थ्रेडपुरता असतो. हाताने सुरू केलेल्या थ्रेडमध्ये तो नसतो. सीडीआय २.० पासून मेथडवर @अ‍ॅक्टिव्हेट-रिक्वेस्ट-कॉन्टेक्स्ट लावता येतं. त्यात नवा, रिकामा कॉन्टेक्स्ट मिळतो. मूळ रिक्वेस्टमधला डेटा हवा असेल तर तो पॅरामीटर म्हणून हातात द्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढच्यापैकी काहीही लागू असेल तर स्वतः पुढे जाऊ नका:

- उपायासाठी सर्व्हरच्या मोड्यूल फोल्डरमधली जार बदलावी लागणार आहे, किंवा क्लासलोडिंगचा क्रम सर्व्हर पातळीवर उलटवावा लागणार आहे. त्या सर्व्हरवरची बाकीची अ‍ॅप्लिकेशनही त्याने हलतात. हा निर्णय सर्व्हर सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनचा.
- तीच ईएआर क्लस्टरच्या एका नोडवर चालते आणि दुसऱ्यावर नाही. दोन्हीकडच्या फाइलींचा चेकसम जुळत असेल तर दोष तुमच्या कोडमध्ये नाही.
- दोष तेव्हाच येतो जेव्हा एखाद्या बाहेरच्या लायब्ररीचं सीडीआय एक्स्टेन्शन हजर असतं. एक्स्टेन्शन बीनची यादी डिप्लॉयच्या वेळी बदलू शकतं. ते ती लायब्ररी लिहिणाऱ्यांनीच पाहावं.
- वारंवार रीडिप्लॉय केल्यावर मेटास्पेस (जेव्हीएममधली क्लास ठेवण्याची जागा) भरतो आणि मग क्लास न सापडल्याच्या एरर येऊ लागतात. ही क्लासलोडर गळती आहे. तिच्यासाठी हीप डंप (मेमरीची उतरवलेली प्रत) वाचता येणारा माणूस लागतो.

त्यांच्याकडे जाताना सर्व्हरची आणि जेडीकेची नेमकी आवृत्ती, संपूर्ण स्टॅकट्रेस (पहिल्या दहा ओळी नव्हे), दुसऱ्या तपासणीत काढलेली आर्काइव्हची यादी आणि प्रत्येक बीन्स.एक्सएमएल द्या. शक्य असेल तर दोन क्लासची छोटी ईएआर करून त्यात दोष पुन्हा घडवून दाखवा. ती करताना अर्ध्या वेळा कारण तुमचं तुम्हालाच सापडतं.